तिसरी बाटली

ओरियाक,
२ मार्च १९९८

चि. सोलेन हिस,
रेजिसकाकाचे अ. आ.

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. आपल्या घरात पत्र लिहिण्याचं खातं तुझ्या मावशीकडे. मी आपला शेवटी कोपऱ्यात एक ओळ खरडणारा. पण हे पत्र तिच्या नकळत लिहितो आहे. फोन करता आला असता, पण फोन स्वयंपाकघरात आहे, म्हणजे तिच्या कानातच आहे. तेव्हा उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. दुकान विकलं तरी मी रोज सकाळी तिथे डोकावतोच. नवा मालक माणूस बरा आहे, फक्त बिजागऱ्या खिळ्यांच्या खणात टाकतो. मी काही बोलत नाही. त्याची पाठ फिरली की जागच्या जागी लावून टाकतो.

आता मुद्द्याचं. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. ओदीलला काय द्यावं याचा हिवाळाभर विचार केला. दागिने ती घालत नाही. मिक्सर आणला तर माझ्याच डोक्यात घालेल. मग एक दिवस दारातला बर्फ काढता काढता सुचलं: फिझाक!

तू लहान असताना तुम्ही दोघी वर्षातून दोनदा तिथे जायचात, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. शुक्रवारी संध्याकाळची गाडी, शनिवारचा बाजार, रविवारी परत. मला कधी येता आलं नाही, कारण शनिवार म्हणजे दुकान. कुलूप बिघडलंय हे लोकांना नेमकं शनिवारीच आठवतं. तुम्ही परत आलात की त्या टोपलीतून काय काय निघायचं! चीज, अक्रोडाचं तेल, कधी स्ट्रॉबेरी, कधी चेस्टनट. त्या गावचं सगळं मी खाल्लेलं आहे, फक्त गाव पाहिलेलं नाही.

आणि तुला माहीत नसेल, पण तिकडून आल्यावर तुझी मावशी आठवडाभर गुणगुणायची. भांडी घासताना, इस्त्री करताना. सूर यथातथाच, पण गुणगुणायची. तुम्ही जायचं बंद केलंत आणि तेही थांबलं. दहा-अकरा वर्षं झाली असतील. मला ते पुन्हा ऐकायचं आहे, बस्स, एवढीच माझी मागणी. म्हणून तिला न सांगता तिकडेच घेऊन जाणार आहे.

तेव्हा बाईसाहेब, तुम्ही कुठे उतरायचात, ती कुठे बसायची, काय खायची, कोणाकडून काय घ्यायची, सगळं लिहा. तुमच्या प्रयोगशाळेत लिहितात तसं लिहा, म्हणजे माझ्यासारख्यालाही चुकता येणार नाही. तुलूझला म्हणे ऊन पडलंय. आमच्या दाराशी अजून छत्री आणि फावडं दोन्ही उभी आहेत.

मावशीला पत्ता लागू देऊ नकोस. माया आहेच, अधूनमधून पत्र टाकून तिला तेलपाणी करत जा.

तुझा,
रेजिसकाका


तुलूझ,
८ मार्च १९९८

ती. काकांस,
सोलेनचा सा. न.

तुमची कल्पना चांगली आहे. हे मी सहसा कोणाला म्हणत नाही. आई गेल्यापासून मावशीने मला फक्त दिलं. तिला काही देता येईल असं मलाही सुचत नव्हतं. तुमच्यामुळे सुचलं.

तपशील असे. हॉटेल नदीकाठी आहे, पूल ओलांडला की डाव्या हाताला. दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली, खिडकी नदीवर उघडते. खिडकीकडची खाट मावशीची. शुक्रवारी रात्री नुसतं सूप आणि ऑम्लेट, कारण शनिवारसाठी भूक राखायची असते. शनिवारी सकाळी मावशी मंडईसमोरच्या कॅफेत बसायची आणि मी एकटी बाजारात जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा नऊ वर्षांची होते. आई मला कोपऱ्यावरून पावसुद्धा एकटीला आणू देत नसे. मावशीने हातात टोपली दिली, पैसे दिले आणि जा म्हणाली. माझ्यावर एवढा भरवसा टाकणारं तोपर्यंत कोणी भेटलं नव्हतं.

तिचा एक नियम होता. पहिली फेरी डोळ्यांची, दुसरी फेरी हातांची. पहिल्या फेरीत काहीही घ्यायचं नाही. सगळा बाजार शेवटपर्यंत नुसता बघायचा. दुसऱ्या फेरीत चव घेतल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. आणि चर्चमध्ये बाराचे टोल पडायच्या आत परत यायचं नाही, कारण चांगलं गिऱ्हाईक घाई करत नाही. मी अजूनही घर बघायला गेले किंवा कामासाठी एखादं यंत्र निवडायचं असलं की दोन फेऱ्या करते. माणसांच्या बाबतीतही करते.

बाजारातले लोक मला फार वेळ द्यायचे. चीजवाले बकरीच्या चीजच्या चकत्यांचं वय सांगायचे आणि दोनदा वजन करायचे, चूक नको म्हणून. स्ट्रॉबेरीवाल्या बाई एकेक फळ उजेडात धरून निवडायच्या. सगळ्यात शेवटी लेओंतीन आजी, अक्रोडाच्या तेलाच्या. त्या पाच बाटल्या मांडायच्या. पावाच्या तुकड्यावर प्रत्येकीतलं थेंबभर तेल, डोळे मिटायचे, आणि उत्तम कुठलं ते सांगायचं. मी दर वेळी तिसरी बाटली निवडायचे. आजी मान डोलावून म्हणायच्या की या पोरीची जीभ म्हणजे तराजू आहे. तुम्ही खाल्लंत ते तेल तिसऱ्या बाटलीतलं. वजनं आणि दाबमापकं तपासण्याचं काम का निवडलं, असं मला मुलाखतीत विचारलं होतं, तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली.

बाराला मी परत आले की मावशीचे गाल लाल झालेले असायचे आणि ती फार खुशीत असायची. टोपली टेबलावर रिकामी करून एकेक वस्तू तपासायची. मग नदीत पाय सोडून सफरचंदाची पापुद्र्यांची पेस्ट्री खायची. तिला कडेचा जळका भाग आवडतो, तो तिला द्या.

१९८७ च्या ऑक्टोबरात मावशी म्हणाली की तू आता मोठी झालीस, हे पुरे. मला ते पटलं नव्हतं.

तिने पहिल्या वर्षी दिलेली टोपली अजून माझ्याकडे आहे. येत्या शनिवारी तीच घेऊन फिझाकला जाते आणि खोली ठरवून येते. मावशीला काही कळणार नाही. तुमचा लोभ मला पुरतो. तो असाच राहू द्या.

आपली,
सोलेन


तुलूझ,
१५ मार्च १९९८

ओदील मावशीस,

नमस्काराची अक्षरं मुद्दाम गाळली आहेत.

काल मी फिझाकला गेले होते. कारण आधी सांगते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून काका तुला मेमध्ये तिथे नेणार आहेत. तुला सांगू नकोस असं त्यांनी मला बजावलं होतं. त्यांना दिलेला शब्द मी मोडते आहे.

खोली ठरवली आणि बाजारात गेले. पहिली फेरी केली. दुसऱ्या फेरीत लेओंतीन आजींनी मला हाक मारली. आता त्या खुर्चीवर बसून विकतात. चेहऱ्यावरून ओळखलं नाही, टोपलीवरून ओळखलं. म्हणाल्या, अगं बाई, ही तर आमच्या फिर्मँच्या हातची वीण, म्हणजे तू ओदीलची दोन फेऱ्यांवाली पोर की गं! मला जवळ बसवलं, माझा गालगुच्चा घेतला आणि हसत हसत सगळं सांगितलं. मी एवढी मोठी झाले म्हणजे मला माहीत असणारच, असं त्यांना वाटलं. मी काहीही विचारलं नव्हतं.

मंडईच्या कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाशी फिर्मँचं टोपल्यांचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत त्याची वखार. मी टोपली घेऊन निघाले की तो मालावर फडकं टाकायचा आणि तू कॅफेतून उठायचीस. बारा वाजेपर्यंत मला थोपवायचं काम अख्ख्या रांगेने वाटून घेतलं होतं. चीजवाले म्हणून दोनदा वजन करायचे. स्ट्रॉबेरी म्हणून एकेक निवडली जायची. तरीही मी लवकर आटपलं तर शेवटचा नाका लेओंतीन आजींचा. पोरगी भारी चटपटीत, तिला अडवता अडवता आमचा घाम निघायचा गं, असं म्हणाल्या. पाचही बाटल्या एकाच पिंपातून भरलेल्या असायच्या. मी इतक्या गंभीरपणे तिसरी, तिसरी म्हणायचे की संध्याकाळी ते आठवून सगळे पोट धरून हसायचे. तूही हसायचीस का, ते मी विचारलं नाही.

तुझ्या आणि त्याच्या संबंधाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो तुझा आणि काकांचा प्रश्न आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्यावर भरवसा म्हणून तू मला एकटीला सोडतेस, असं मी समजत होते. तू मला वाटेतून दूर करत होतीस. दोन फेऱ्यांचा नियम चांगल्या गिऱ्हाइकाचा नव्हताच, वेळ काढण्याचा होता, आणि मी तो आयुष्यभर पाळत आले. कामावर एखादा तराजू नेहमी सारखाच चुकत असेल, तर आम्ही ती चूक वजा करतो आणि तो वापरतो. पण ज्या वजनाने तो लावला तेच खोटं निघालं, तर मागची सगळी मापं रद्द करावी लागतात. मला किती मागे जावं लागेल, ते अजून कळत नाही.

फिर्मँ सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात वारला, हेही आजींनी सांगितलं. म्हणजे ऑक्टोबरात मी मोठी झाले नव्हते.

टोपली वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. तिची कडी बरोबर माझ्या कोपरात बसायची. दुकानात मी कधी माप दिलेलं नव्हतं. तेही तूच दिलं असणार.

सोलेन


ओरियाक,
२१ मार्च १९९८

चि. सोलेन हिस,
अ. आ.

तू अक्षरं गाळलीस म्हणून मी गाळणार नाही. लेओंतीनच्या बाटल्यांना बुचं आहेत, तोंडाला नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी एवढी वर्षं टिकलं म्हणायचं.

जे ऐकलंस ते खरं आहे. नाकारून तुझा आणखी अपमान करत नाही. तुझ्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिला यात ओढू नकोस. आणि रेजिस वाईट होता म्हणून झालं, असंही समजू नकोस. तो तेव्हाही आजच्याइतकाच चांगला होता. त्याच्या चांगुलपणाचा आणि याचा काही संबंध नव्हता, एवढंच मला सांगता येतं.

पण तू मोजायलाच बसली आहेस तर पुरतं मोज. शुक्रवारची संध्याकाळ तुझी होती. शनिवारची दुपार तुझी, रविवार तुझा. नदीत तुला तरंगायला कोणी शिकवलं? गोवर निघाला तेव्हा त्या हॉटेलात रात्रभर तुझ्या कपाळावर ओला रुमाल कोणी धरला? शनिवारची सकाळ तेवढी माझी होती. तीसुद्धा मी तुला रस्त्यावर सोडून घेतली नाही. अख्खी रांग डोळ्यांत तेल घालून तुझ्यावर नजर ठेवून होती, म्हणून मी उठू शकले. त्याला तू फसवणूक म्हण. मी त्याला निगराणी म्हणते.

आम्ही हसायचो का? हो, हसायचो. तू पावाचा तुकडा असा धरायचीस की जणू न्यायाधीशच. त्या हसण्यात माया होती. पण तुझा तो तराजू माया तोलत नसेल तर माझा इलाज नाही.

सत्त्याऐंशीचं म्हणशील तर, मला काळे कपडे घालायची सोय नव्हती. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचीसुद्धा नव्हती. त्याच्या बायकोचं बोलावणं थोडंच येणार होतं? तुला काहीतरी कारण सांगायला हवं होतं. तू मोठी झालीस, एवढं एकच वाक्य सुचलं.

आता माझं ऐक. मेमध्ये मी रेजिसबरोबर त्या मंडईत शिरले तर दहा जण येऊन माझे हात धरतील. त्यातला एक जरी चुकून बोलला, तरी या माणसाचं काय होईल ते मला लिहवत नाही. सहासष्ट वर्षांचा आहे तो. त्याला लिही की हॉटेल बंद पडलंय, बाजारात आता प्लास्टिकच्या चपला मिळतात, काही उरलेलं नाही. मी बोलले तर का म्हणून विचारत बसेल. तू लिहिलंस तर लगेच मानेल. तुझ्या शब्दावर त्याने कधी शंका घेतलेली नाही. एवढं एकदा माझ्यासाठी कर, सोनू.

रागाव, पण रागावल्यावर जेवत जा. माझी माया तुला नको असली तरी ती इथे ठेवलेली आहे, हवी तेव्हा घेऊन जा.

तुझी,
ओदील मावशी


तुलूझ,
२५ मार्च १९९८

ओदील मावशीस,

'एकदा' हा शब्द बरोबर नाही. एकोणऐंशीच्या मेपासून सत्त्याऐंशीच्या मेपर्यंत आपण सतरा वेळा गेलो. म्हणजे तुझ्यासाठी हे काम मी सतरा वेळा केलेलं आहे, मला न विचारता. अठराव्या वेळी तू विचारते आहेस. नाही.

काका माझ्या शब्दावर शंका घेत नाहीत, म्हणूनच नाही.

खोली पंधरा आणि सोळा मेसाठी ठरली आहे, एवढं मी त्यांना तीन ओळींत कळवलं. बाकी काही लिहिलं नाही आणि लिहिणार नाही. त्यांना खोटं सांगणं माझ्याकडून होणार नाही आणि खरं सांगणं माझं काम नाही. ते तुझं आहे. मंडईत शिरायच्या आत सांग.

गोवराची रात्र मला आठवते. ती मी रद्द केलेली नाही. पण तिच्याकडेही आता दुसऱ्यांदा बघावं लागतं आहे, आणि याचा राग मला सगळ्यात जास्त आला आहे.

सोलेन


ओरियाक,
१८ मे १९९८

चि. सोलेन हिस,
रेजिसकाकाचे अ. आ., आणि या खेपेला दुप्पट.

काल रात्री परत आलो आणि आज सकाळी पहिलं काम म्हणून तुला लिहायला बसलो. आता चोरून नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

आधी गंमत ऐक. माझं गुपित गुपित राहिलंच नाही. एप्रिलमध्ये एक दिवस जेवताना ओदील आपणहून म्हणाली, रेजिस, मेमध्ये फिझाकला जाऊ या का? चमचा माझ्या हातातून सुपात पडला. मी तोंडातून अक्षर काढलेलं नव्हतं! चाळीस वर्षं एका छपराखाली काढली की डोक्यातलं डोक्यात आपोआप जातं, हे काय ते. तुझी टोपलीही तिने दाखवली. तू ती मुद्दाम माझ्यासाठी पाठवलीस म्हणाली. पोरी, असं कोणी कोणाला देत नाही. तुझं तीन ओळींचं पत्र वाचून तू कशावर तरी रागावलीस की काय असं वाटलं होतं. टोपली पाहिली आणि ती शंका गेली.

हॉटेल, खोली, सूप, ऑम्लेट, सगळं तू लिहिलंस तसंच. शनिवारी सकाळी कॅफेत कॉफी घेतली आणि ओदीलने माझ्या हातात टोपली दिली. म्हणाली, तू जा, मी बसते, आज सगळी खरेदी तुझी. मी म्हटलं, बाई, तब्येत बरी आहे ना? चाळीस वर्षांत हिने मला साधा पाव आणायला धाडलं नाही. म्हणते, तुला शिळं-ताजं कळत नाही. आणि आज अख्खा बाजार! मग तुझेच नियम मला सांगितले. पहिली फेरी डोळ्यांची, दुसरी हातांची, आणि बाराचे टोल पडल्याशिवाय परत फिरायचं नाही. मी नऊ वर्षांच्या पोरासारखा ताठ चालत गेलो.

काय लोक आहेत, सोलेन! चीजवाल्याने दोनदा वजन केलं. मी म्हटलं, राहू द्या हो, तर म्हणाला, नाही, नाही, तुमच्यासाठी नीटच हवं. स्ट्रॉबेरीवाल्या बाईंनी एकेक निवडली. इतकी लाल होती की मला ती ओदीलला लगेच दाखवायची घाई झाली. परत फिरणार, एवढ्यात तुझ्या लेओंतीन आजींनी माझी बाहीच धरली. कुठे निघालात महाराज, तेल कोण चाखणार, म्हणाल्या, आणि पाच बाटल्या मांडल्या. सोडायलाच तयार नाहीत. मी डोळे मिटून सगळी चाखली आणि तिसरी निवडली. आई शपथ, तू लिहिलं होतंस ते तेव्हा डोक्यातसुद्धा नव्हतं. त्या म्हणाल्या की तुमच्या घराण्याची जीभच तशी.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटलं. मला वाटलं होतं की ओदीलला बघून बाजार उठून उभा राहील. पण नंतर आम्ही दोघं फिरलो तर तिला कोणी ओळखलं नाही गं. सगळे आपले अदबीने नमस्ते मादाम, कुठून आलात मादाम. अकरा वर्षांत माणसं विसरतात, दुसरं काय. बाराचे टोल पडले तेव्हा ती कॅफेतही नव्हती. शोधली तर मंडईच्या कोपऱ्यात, जिथे आता सायकली लावतात, तिथे एका खांबाशी उभी. डोळे लाल. म्हणाली, वाऱ्याने धूळ गेली. मी रुमाल दिला आणि स्ट्रॉबेरी दिली. पेस्ट्रीच्या कडेचा जळका भागही तिलाच दिला.

आणि आता खरी बातमी. काल रात्री घरी आल्यावर भांडी विसळताना ती गुणगुणली. दोनच ओळी, मग थांबली. मी दाराआड उभा राहून ऐकलं. पैसे वसूल.

आम्ही ऑक्टोबरात पुन्हा जायचं म्हणतो आहोत. तूही ये, तिघं जाऊ.

एक वाद तेवढा तुला मिटवायचा आहे. ओदील म्हणते, त्या पाचही बाटल्यांत एकच तेल असतं, म्हातारीने तुला बनवलं. हसत म्हणाली, पण ठामपणे म्हणाली. मी म्हणतो, मी जन्मभर लोखंड हाताळलं तरी माझ्या जिभेला गंज चढलेला नाही, तिसरी वेगळीच होती. शेवटी ती म्हणाली, सोलेनला विचार, ती सांगेल ते खरं. तेव्हा सांग. तू म्हणशील ते मी मानेन. पाचही सारखी म्हणालीस तरी रुसणार नाही. म्हणजे, थोडा रुसेन.

माया होती त्याहून वाढली आहे, जागा करून ठेव.

तुझा,
रेजिसकाका


तुलूझ,
२४ मे १९९८

ती. काकांस,
सोलेनचा सा. न.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

टोपली तुमच्याकडेच ठेवा. ती आता तुमची आहे. कडी थोडी लहान पडत असेल. ती ओढून मोठी करू नका, वीण सुटते. कोपरात न अडकवता हातात धरा.

ऑक्टोबरात मी येणार नाही. कारण विचारू नका, आणि मी रागावले आहे असंही समजू नका. तुमच्यावर मी कधीच रागावलेली नाही.

पुढच्या वेळी मात्र नियम बदला. दोघं मिळून एकच फेरी करा. लेओंतीन आजींनी बाही धरली तर सोडवून घ्या. बाराच्या टोलांची वाट बघू नका. स्ट्रॉबेरी दाखवायची असेल तर घेतल्या घेतल्या घेऊन जा. मावशीला त्या खांबाशी एकटीला उभं ठेवू नका. तिथे वारा असतो.

मावशीला वेगळं पत्र लिहीत नाही. हे तिने वाचलं तरी चालेल.

तेलाचं तुम्ही विचारलंत. मी पाच वर्षं मापं तपासण्याचं काम करते, आणि विचारल्यावर उत्तर द्यायला वेळ घेते. या वेळी चार दिवस घेतले. काका, तुमचं बरोबर आहे. तिसरी बाटली वेगळी आहे. मावशीचं चुकतं.

लोभ आहे तेवढाच असू द्या. कमी-जास्त झाला तर मला जरूर कळवा.

आपली,
सोलेन